क्रीमवरची बिस्किटं

भूकंपानंतर ढिगारे उपसणाऱ्या मशीनचा ड्रायव्हर दवाखान्याच्या रांगेत उभा होता. त्याच्या पुढे दोन शिक्षिका बोलत होत्या.

“मग काय केलंस भूगोलाच्या तासाला?”

“ताटलीत क्रीम, वर दोन बिस्किटं. म्हटलं, हे भूपट्ट समजा आणि ढकला एकमेकांवर.”

“अगं, या पोरांना? इतक्यात?”

“पुस्तकात होतं, केलं. अक्कल गहाण ठेवली होती मी. बिस्किटं मोडली, पोरं हसली. एकटी शिंप्याची पोर बोटांनी एकेक तुकडा बाजूला काढत बसली.”

“काही बोलली?”

“मी म्हटलं, चमच्यानं उपस की. तर म्हणते, ‘नको बाई, हातानंच. मशीन लावलं आणि आईचा आवाज थांबला.’”

रांग पुढे सरकली. ड्रायव्हर जागचा हलला नाही.