काढायचं का ठिवायचं

खिडकी बदलायची म्हणताय, तर मिस्त्रीशी बोलताना जरा लांब जाऊन बोला. आमच्या घरी काय झालं ते सांगते.

आमची चौकट खालनं कुजली होती. तिला लागूनच आमच्या मालकांची, मल्लूच्या बापाची खाट. दम्यानं त्यांना उठवत नव्हतं आणि कानानंबी कमी ऐकू यायचं.

मिस्त्री माझ्या पोराला, मल्लूला म्हणाला, "भिंत फोडून समदी चौकट काढता येती. न्हाईतर हाय ती ठिवून आतनं सरकती काच बसवू. खालची तेवढी पट्टी बदलू."

मल्लू म्हणाला, "जुनं झालंय ते. आणि किती दिस ठिवायचं? काढूनच टाका."

"मग आजच काढू. उद्या आमुशा हाय."

खाटंवरनं आवाज आला, "आरं, मी अजून हाय की."

कुणालाच हसू आलं न्हाय. मल्लू बापाच्या उशाला बसला. कानाशी जाऊन म्हणाला, "आप्पा, खिडकीचं चाललंय ओ."

मालकांनी मान वळवून चौकटीकडं बघितलं. म्हणाले, "मग तिलाबी ऱ्हाऊ दे."

चौकट ऱ्हायली. मिस्त्रीनं पट्टी बदलून काच बसवली.

दिवाळी सरली आणि मालक गेले. दारात माणसं जमली. भावकीतल्या एकानं मल्लूला हळूच विचारलं, "कवा काढायचं?"

मल्लू खिडकीकडं बघत बसला. 

शेवटी मलाच म्हणावं लागलं, "आता काढा."