ज्याचं पोर त्याच्या खांद्यावर

तुम्ही आता पोरं खांद्यावर घेऊन बाजारभर हिंडता. साठ सालच्या सुमारास आमच्या म्हसावदला वडिलांसमोर स्वतःचं पोर उचलणं म्हणजे बेशरमपणा. भावाचं उचललेलं चालायचं. त्यामुळे माझा दोन वर्षांचा गोविंद कायम धाकट्या भावाच्या, नथूच्या खांद्यावर. माझ्या वाट्याला नथूची शेंबडी पोरगी. नथूचा मुका घेताना गोविंद दिसला की मी जळून जायचो.

एकदा बाबा लग्नाला शहाद्याला निघाले. त्यांची गाडी दिसेनाशी होताच मी म्हणालो, "नथू, आन मन्हा पोऱ्या इकडे!"

"ले. आनि मन्ही पोर दे. कधीपासून तुन्हावर जळी ऱ्हायनू मी!"

आम्ही पोरं बदलली. दोन्ही पोरांनी असं भोकाड पसरलं, की आई चुलीपुढून धावत आली. "काय करं रे यासले?"

"काहीच नही माय, आपापलं पोर लिधं."

शेवटी पोरं परत बदलली, तेव्हा कुठे गप्प झाली.

गोविंद आज स्वतः बाप झाला, तरी काही विचारायचं असलं की आधी काकाकडे जातो. पण नथूची पोरगी माहेरी आली, की पिशवी आधी माझ्या ओट्यावर ठेवते. समोर नथू बघत बसतो. बसू दे जळत!