हात माजे, तोंड सुमनचं

माजं माहेर गुहागरच्या अंगाला, दर्याला लागून, बापूस माजा रापणीच्या जाळ्यावर, आवस म्हावरं विकी, म्हंजे माशाचा वास मला आवशीच्या पोटातच लागलेला, नि लगीन करून आले ती रत्नागिरीजवळच्या या वाडीत, तर हयसर पन तोच दर्या नि तीच डोक्यावर माशाची पाटी, फरक येवढाच की थयसर मी लाडकी व्हते नि हयसर थोरली सून. थोरली म्हंजे पानी पयलं भरायचं नि जेवायला शेवटी बसायचं. मग धाकटी आली, सुमन, माजी जाऊ. तिचा बापूस पोफळीला पावरहौसमदी शिपाय, ती कालनीत वाढलेली, बटन दाबलं की घरात उजेड, सातवीपर्यंत शाळा, बोलनं रेडिओवरच्या बाईसारखं, रंगाने उजळ. सासूने तिच्या डोक्यावर पाटी दिलीच नाय, म्हनाली ती घरात भाकऱ्या बघील, तिचं तोंड उन्हाने करपंल. माजं काय करपत नव्हतं? तर तुमी पयलंच लिवून घ्या बाय, मी सुमनचा हेवा करते. लपवत नाय. तिच्या तोंडावर पन सांगितलंय, ती हसते.

आमचे हे नारळीपुनव झाली नि पयल्या फेरीला गेले. वादळ आलं. होडी पालथी होऊन किनाऱ्याला लागली, दोगं खलाशी पोहत आले, हे आले नाय. अंग पन मिळालं नाय. आता अंग मिळालं नाय म्हंजे काय वो, मेलं म्हनायचं की आलं नाय म्हनायचं? सासू म्हनाली, माजा पोर येनार, कुना बोटीने उचलला असंल, गोव्याकडे लागला असंल, तू रडायचं नाय, तू रडलीस म्हंजे तूच त्याला मारलास. आमच्यात मानूस गेलं की बायका हेल काढून रडतात, सूर लावून, त्याचं सगळं सांगत, तू असा व्हतास, तुला हे आवडायचं, आता मी कुनाला वाढू. तो हेल मी गिळला. कुंकू लावून पाटी घेऊन जायची, नि येताना दर्याकडे बघायची. हातातल्या जुन्या बांगड्या एक एक पिचत गेल्या. मग एका वर्षी गणपतीच्या आदी कासारीण आली, सासूने सुमनचा हात पुढे केला, हिरव्यागार बांगड्या भरल्या, मी माजा हात पुढे केला तर सासू कासारनीला म्हनाली, झालं, ऊठ आता. झालं. येवढ्यावर मी रांडव झाले. ना कोन जमलं, ना कोन रडलं. नि त्या दिसापासून सुमन भाकरी थापायला बसली, तिच्या बांगड्या वाजायला लागल्या, की मी उठून परसात जायची.

तर असं चाललेलं, नि तो दाढीवाला आला, मुंबईचा, सिनेमा काढनारा. तो आलेला सोन्याची बिस्किटं चोरून उतरवतात त्या गोष्टीसाठी किनारा बघायला. बाजारात माज्याकडनं बांगडे घेतले, बोलता बोलता विचारलं, घरी कोन कोन? मी सांगायला लागले. पाटी रिकामी झाली तरी मी सांगतेच हाय, तो ऐकतोच हाय. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन पडवीत येऊन बसला, म्हनाला बाय, बिस्किटं ऱ्हायली, सिनेमा हाच. गेला तो, नि पुढच्या थंडीत कागदांचा गठ्ठा घेऊन आला, सगळ्यांना वाचून दाखवला. सगळं माजंच, फक्त एक बदललेलं, त्याच्या गोष्टीत होडी पालथी बघितल्यावर ती बाई किनाऱ्यावर बांगड्या फोडते नि हेल काढते. मी म्हटलं, मी कुठे असं केलं? तो म्हनाला, केलं नाय, पन करायचं व्हतं ना?

मला वाटलं, सिनेमात मीच. दुसरं कोन असनार? मी ठेवनीतलं लुगडं वर काढून ठेवलं. त्याने आमच्या घरातल्या बायकांचे फोटो काढले, समोरनं, बाजूनं, हसताना, गप्प असताना, नि मुंबईला जाऊन धुवून बघितले. नि येऊन म्हनाला, सुमन. तुमचं तोंड काय दाखवत नाय बाय, बंद हाय, सुमनच्या तोंडावर सगळं दिसतं. काय सांगू तुमाला, माज्या अंगाचा असा भडका झाला! अरे, बंद कोनी केलं ते तर तुला बसून सांगितलं ना मी? ज्याला दुखलं त्याचं तोंड चालत नाय नि जिला टाचनी टोचली नाय तिच्या तोंडावर दुःख दिसतं? लुगडं परत पेटीत टाकलं.

मग गाड्या आल्या, मानसं आली, चांदीच्या कागदाचे मोठे फळे, ते उन्हात धरायचे नि ऊन सुमनच्या तोंडावर पाडायचं. पयलं ऊन तिला लागू देत नव्हते, आता वाटी वाटीने घालत व्हते! तिला पाटी डोक्यावर घेता येईना, चुंबळ कशी करायची ते मी शिकवलं. पाटीतले बांगडे माजे, चाल माजी, नि दर खेपेला दाढीवाला ओरडायचा, वा सुमन. एकच चालनं सकाळपासून दुपारपर्यंत. बांगडे आंबले, पन ते काय सिनेमात वास देत नाय.

बांगड्या फोडायचा दिवस आला, तर सासू कॅमेऱ्यासमोर पदर खोचून उभी. माज्या सवाष्ण सुनेच्या हातावर दगड पडायचा नाय, तुमचा सिनेमा गेला खड्ड्यात. खोट्या भरू म्हनाले, ऐकेना. आमच्यात बांगडी आपसूक पिचली तरी फुटली म्हनत नाय, वाढवली म्हनतात, नि हे दगड घेऊन आलेले. सूर्य खाली जायला लागला, दाढीवाला डोकं धरून बसला, नि त्याची नजर माज्या हातावर गेली. म्हनाला, तोंड सुमनचं घेऊ, हात तुमचे. सासूने नुसती मान फिरवली. त्याच कासारनीला बोलावून आनली, तिने माजा पंजा चेपून चेपून हिरव्या बांगड्या भरल्या. बाय, मी हात जरासा हालवला, तर वाजल्या. माज्या हातात वाजल्या. दाढीवाला म्हनतो फोडा, नि मी फोडीना. सगळे खोळंबले. तवा सुमन जवळ आली, म्हनाली आक्का, मी पाठ करून उभी ऱ्हाते, नि खरंच पाठ करून उभी ऱ्हायली. मग फोडल्या. तर तो म्हनतो, परत, कॅमेरा हालला. परत भरल्या, परत फोडल्या. खरी रांडव झाले तवा एकदा पन नाय, नि आता दोनदा.

तुमाला वाटेल संपलं. नाय. दर्यावर वारा असतो, बोललेलं घेता येत नाय, ते मागनं मुंबईला बंद खोलीत बोलून तोंडात भरतात. बाकीचं सुमन बोलली, पन हेल तिला येईना, कालनीत कोन हेल काढतं? नि माजा दीर, सुमनचा नवरा, तो म्हनाला, तोंड हालवलं तेवढं बास, मी जित्ता असताना माजी बायको नवऱ्याच्या नावाने रडनार नाय. मग पुन्हा मी. दिरासंगट येष्टीने मुंबईला गेले. काळोखी खोली, समोर पडदा, पडद्यावर सुमनचं तोंड उघडतंय, मिटतंय, आवाज नाय. तोच तुकडा परत परत लावत व्हते. माजा हेल काय निघेना. दाढीवाला म्हनाला, तिच्या ओठांकडे बघा. मी तिच्या हाताकडे बघत व्हते. तिने बांगड्या पदराखाली लपवलेल्या, पन एक हिरवी बाहेर दिसत व्हती. एकच. ती बघितली नि माज्या पोटातनं असा जाळ उठला, हिला सगळं हाय, नवरा हाय, बांगडी हाय, माजी गोष्ट पन हिलाच, नि हेल सुटला. मी म्हटलं, तुला बांगड्याचं तिखलं लागायचं रे, चुलीवरनं उतरायच्या आत ताट घेऊन बसायचास, तुजं ताट अजून फळीवर हाय रे. सुमनचं तोंड मिटलं, तुकडा संपला, पडदा पांढरा झाला, मी थांबेना. काचेमागचा मानूस बंद करायला गेला, तर दाढीवाल्याने त्याचा हात धरला.

रत्नागिरीत टाकीजला लागला तवा अख्खी वाडी गेली. भायेर सुमनचं तोंड, दारायेवढं. माजे हात पडद्यावर आले, मी बाजूच्या बाईला कोपराने ढोसलं, माजे हात बघ गो, ती म्हनाली गप, बघू दे. मग हेल. बाया पदर तोंडाला लावून रडतायत, काय रडते गो सुमन, काय रडते! मी आपली जळतेय. तेवढ्यात सुमनचं तोंड गेलं. पडद्यावर नुसता दर्या, कोन नाय, नि माजा हेल चाललेला. दाढीवाल्याने तो कापलाच नव्हता. नि फळीवरच्या ताटाचं आलं, तर सासू हालली. ते ताट आमच्या दोघींनाच ठावं. काळोखात तिने माजा हात धरला, बांगड्या असतात तिथंच, मनगटाला, नि रडली, लेकासाठी, पयल्यांदा. घरी आल्यावर म्हनाली, पानी भरलंस का? ते काय बदलत नाय.

आता गणपतीत मुंबईकर येतात, व्हिडिओ आनतात, तोच सिनेमा लावतात, नि सुमन पुढे बसून कौतुक ऐकते. मी मागे. अजून जळते वो, खोटं कशाला सांगू. पन दिराची होडी यायला उशीर झाला ना, की सुमन दारात उभी ऱ्हाते, हात एकदम गप्प. तवा मला घरात बसवत नाय. मी देवाला म्हनते, माजा हेवा काय काढून घेऊ नको, तिच्या हातातल्या वाजत ऱ्हाऊ देत, मी जन्मभर जळेन.

आली वाटतं होडी. ऐका, भाकऱ्या थापायला बसली. वाजतायत बघा.