गोळी घेतली असल्यास एक दाबा

...अन् वर मलाच म्हनतो, "मामा, रेंज कशी न्हाई? टावर तं दवाखान्याच्या डोक्यावरच हाय!" आसल ना बाबा! टावर तुज्या डोक्यावर हाय, माज्या डोक्यावर न्हाई, त्याला मी काय करू? न्हाई तं न्हाई!... थांबा, आसं मधूनच सांगितलं तं तुमी मलाच येडा म्हनाल. बसा. एष्टीला टाइम हाय अजून. पैल्यापासून सांगतो.

तुमाला सांगतो, हे सगळं त्या फोनमधल्या बाईमुळं झालं. आमच्या मालकिनीला हार्टाचा तरास. आमी उसतोडीची मानसं. आमच्यात नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हनत्यात, अन् आमचा कोयता लई वर्सं पक्का चालला, मुकादम दुसऱ्याला आमचं नाव सांगायचा! मग एका सालाला उसाच्या फडात तिला दम लागला तो लागलाच. डागदर म्हनला, "वझं उचलायचं न्हाई, उन्हात जायचं न्हाई, जिना चढायचा न्हाई अन् गोळी एक दिवस चुकवायची न्हाई." म्हनलं चालंल. आमच्या पत्र्याच्या घराला जिना हाय कुठं?

पर तवाच दवाखान्यात ते आलं ना... डिजिटल! कागद बंद. सगळं कंपुटरात. केशरबाई सिस्टर म्हनली, "मामा, आता रोज सकाळी तुमच्या मोबाइलवर फोन यील. गोळी घेतली असल्यास एक दाबा, नसल्यास दोन दाबा. दाबलंच न्हाई तं कंपुटर म्हनतो पेशंटनं औषद सोडलं, मंग पुढच्या म्हैन्याच्या गोळ्या अडकत्यात." म्हनलं, दाबू की! सारा जलम ऊस तोडला, एक दाबायला काय जातंय?

आन् रेंज? ती कुणाच्या बापाची? आमच्या गावात रेंज एकाच जागी, दूध सोसायटीच्या गच्चीवर! सोसायटीची गंमत तुमाला सांगतो. दुष्काळ पडला, जनावरं चारा-छावनीला गेली, दूध आटलं, सोसायटीला कुलूप लागलं. आमचा चेअरमन गहिनीनाथ पारावर पत्ते खेळतो. पर गच्ची उघडी! सकाळी दुधाच्या टायमाला पैल्यासारखीच गर्दी, फक्त हातात किटली न्हाई, मोबाइल! कुनी पोराला फोन लावतो, कुनी टँकरवाल्याला शिव्या देतो. बिनदुधाची सोसायटी, पर भरलेली!

आता बगा तमाशा. ज्या बाईला डागदरनं जिना चढायचा न्हाई म्हनून गोळी दिली, त्या बाईनं गोळी घेतली हे सांगाया रोज जिना चढायचा! काय सांगू तुमाला! मी म्हनलं, "अगं, तू बस खाली, मी जाऊन एक दाबून येतो." तर म्हनती कशी, "फोन माझ्या नावाचा हाय. तुमी खोटं दाबलं तं?" आवं, खोटं कावून दाबीन मी? पर न्हाई. एक पायरी चढायची, थांबायची, पदरानं तोंड पुसायची, दुसरी पायरी. पार वर जाईस्तवर मी मागं, हात पसरून.

अन् वर गेल्यावर फोन वाजायचा. "नमस्कार... कौशल्याबाई... आपण आजची गोळी घेतली का? घेतली असल्यास एक दाबा." तुमाला सांगतो, ह्या बाईचं तोंड आसं फुलायचं! कावून म्हनाल तं, कौशल्याबाई असं तिला जल्मात कुनी म्हनलं न्हाई. माहेरात कौशी. सासरला उत्तरेश्वरची, म्हंजी माजी, बायको. फडात मुकादम म्हनायचा, "ए, हालव की हात!" अन् मी? मी काय म्हनायचो... "अगं ए!" आमच्यात बायकोचं नाव घेत न्हाईत हो. लग्नात एकदा घेतलं, ते बी करवल्यांनी दार अडवलं म्हनून. अन् ही फोनमधली बाई रोज नावानं हाक मारती, आपण म्हनती, गोळीचं इचारती!

ही लागली तिच्याशी बोलाया. "घेतली गं बाई. भाकरी खाऊन घेतली. तू जेवलीस का?" मी म्हनलं, "अगं, ती मशीन हाय. एक दाब, एक!" म्हनती, "मशीनीचा आवाज असा मऊ असतोय व्हय? एवढ्या सकाळचं उठून बसती बिचारी. सासुरवास दिसतोय." पुन्हा एक दिवस म्हनती, "तिचं लगीन झालंय का न्हाई कुनाला ठावं." अन् ह्या बाईनं लिंबागनेशच्या गनपतीला नवस बोलला! त्या कंपुटरच्या लग्नासाठी! हसता काय? मी बी हसलो. गहिनीनाथ तं पत्ते टाकून हसला. उन्हाळ्यात हिनं कुरडया केल्या, त्यातल्या थोड्या डब्यात येगळ्या काढल्या. "दवाखान्यात दिसली तं देईन."

तो डबा तसाच हाय अजून.

गेली ती. जिन्यावर न्हाई, फडात न्हाई, घरात झोपंतच गेली. सकाळी मी म्हनलं, "अगं ए, ऊठ, फोनाचा टाइम झाला." ...न्हाई उठली.

सगळं झालं, पाव्हनं आलं, गेलं. लेकीला फोन करावा म्हनून एक दिवस गच्चीवर गेलतो, तर हातातच वाजला. "नमस्कार... कौशल्याबाई... आपण आजची गोळी घेतली का?" खाली बसलो. "घेतली असल्यास एक दाबा. नसल्यास दोन दाबा." आन् मेली असल्यास? मेली असल्यास काय दाबायचं? तीन हायच न्हाई त्यात! एवढं मोठं सरकार, एवढा मोठा कंपुटर, अन् तीन ठिवायचं कुनाला सुचलं न्हाई! दोन दाबावं तं ती गोळी चुकवनारी न्हवती हो... तिच्या नावाला बट्टा लागंल. म्हनून एक दाबलं. बाई म्हनली, "धन्यवाद कौशल्याबाई. काळजी घ्या."

दुसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडंच. एक दाबलं. तिसऱ्या दिवशी बी एक दाबलं. मला वाईट वाटतं म्हनून सांगतो, घरात ते नाव आदी बी कुनी घेत न्हवतं, आता बी न्हाई. लेक बी "आई गेली" म्हनती. दिसभरात ते नाव एकदाच ऐकू येतं, अन् तेबी सोसायटीच्या गच्चीवर!

पर कंपुटर काय गप बसतोय? केशरबाईंचा सांगावा आला, या म्हनून. गेलो. तिथं आसाराम म्हनून आपरेटर हाय. स्क्रीनकडं बघतो, माझ्याकडं बघतो. "मामा, ह्या पेशंटच्या गोळ्या न्यायला तुमी आलेच न्हाई, आन् पेशंट रोज गोळी घेतो. एक बी खाडा न्हाई! गोळ्या येतात कुठून?" म्हनलं, "पेशंट... न्हाई आता." त्यानं कीबोर्डावरचा हात काढला. मंग हळूच म्हनला, "मंग नाव बंद करावं लागंल मामा. तुमच्या मोबाइलवर ओटीपी यील. तेवढा सांगा, की फोन बंद."

"फॉर्मात टाइपायला नाव सांगा पेशंटचं."

आता आली का पंचाईत! म्हनलं, "आमच्या मालकीन." "मामा, मालकीन टाइपता येत न्हाई." मंग घेतलं. लग्नानंतर पैल्यांदा. "कौशल्या." तोंडातून निघताना लई जड गेलं हो. अन् घेतलं कशासाठी? तं खोडाया!

"ओटीपी आला का मामा?"

"न्हाई."

"पुन्हा पाठवतो... आता?"

"रेंज न्हाई."

तवाच म्हनला तो, टावर डोक्यावर हाय म्हनून! अन् नेमका खिशातला फोन वाजला... टुंग! त्याला ऐकू गेलं. मला ऐकू गेलं. केशरबाई वळून बघाया लागली. जल्मभर रेंजला शिव्या दिल्या, अन् आज आली तं हीच येळ!

आसारामनं माझ्या खिशाकडं बघितलं. मंग त्यानं स्क्रीनच बंद केला. "मामा, सर्वर डाऊन हाय. पुन्यांदा कवातरी या." देव त्याचं भलं करो, लेकरू लई चांगलं हाय.

निघालो तं केशरबाईनं धरलं. "मामा, धापा टाकताय, बसा." हाताला पट्टा बांधला, फसफस हवा भरली. म्हनती, "बीपी लई वाढलंय तुमचं! उद्यापासून तुमाला बी गोळी. नाव टाकते, मोबाइल नंबर तोच ना? तुमाला बी रोज सकाळी फोन यील."

म्हनलं, "न्हाई सिस्टर, माझं नाव नका टाकू."

"कावून मामा?"

म्हनलं, फोन एकच हाय. दोघांचा एकाच टायमाला आला, तं तिचा एंगेज लागंल.