भाचीले लाथ कशी मारू?

पोरीला कराटेत घातलं तिच्या बाबांनी, अन् परीक्षेच्या दिवशी जीव जातो माझा. ऑरेंज बेल्टसाठी अमरावतीला गेलो होतो. एकटीनं हवेत हातपाय चालवायचे ते झालं, उरली फक्त फाइट. आमची परी काडीपैलवान, अन् समोर हा धिप्पाड पोरगा! मला राहवलं नाही. मॅटजवळ जाऊन विचारलं, "कोणाचा रे तू बाबू?"

"परतवाड्याचा. भास्कररावांचा नातू."

"अरे बापा! ते तं माया आजोबाचे सख्खे भाऊ! म्हणजे तू माया भाऊ, अन् हिचा मामा!"

परीक्षा घेणाऱ्या सरांनी शिटी मारली. पोरगा वाकला, अन् सरळ परीच्या पाया पडला. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, तिला आपला पाय लागू देत नाही.

सर ओरडले, "लाथ मार ना बे!"

"भाचीले लाथ कशी मारू सर? पाप लागते."

"मंग हातानं मार!"

"हात बी नाई उचलत जी."

परीनं विचारलं, "मामा, मी मारू काय?"

"मार न बाई, तुले चालते."

तिनं धपाधप लाथा हाणल्या. तो हात जोडून उभा.

सर भडकले. "असा बेल्ट भेटत नसते! हट बाजूले, मीच उभा राहतो हिच्यासमोर."

पुन्हा मॅटजवळ गेले. मी म्हटलं, "सर, तुमचं गाव कोणतं जी?"

सरांनी आधी बेल्ट परीच्या हातात दिला, मग गाव सांगितलं.