खोकल्याची तालीम

स्नेहल : परत एकदा. मी नेव्हीच्या मेडिकल बोर्डाची डॉक्टर, तुम्ही खुर्चीवर. नाव?

अनंतराव : अनंतराव ठवकर, स्टोकर, बॉयलर रूम, सर!

स्नेहल : काही त्रास?

अनंतराव : फिट, सर!

स्नेहल : बाबा!

अनंतराव : तोंडातून निघूनच जाते पोरी, मी काय करू?

कुमुद : अन् छाती काहून फुगवून राहिले? फुफ्फुसाचा आजार दाखवायले चालले, का कुस्ती खेळायले? पाठ टेका मागं. जरा मेल्यावाणी बसा.

अनंतराव : सरसमोर पाठ टेकत नसतात.

कुमुद : सर कुठी आहे? सूनबाई आहे ते. सकाळी तिच्यासमोर बनियनवर फिरत होते, तवा नाही आठवला सर?

(कुमुदला हसता हसता ठसका लागतो.)

स्नेहल : आई, पाणी घ्या. बाबा, मी नवा रायपूरच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेय. बस मिळेना म्हणून आमच्या साहेबांच्या गाडीत बसले, त्यांच्या सासूची अख्खी निंदा ऐकली. ते काय तुमचं 'फिट, सर' ऐकायला? ॲस्बेस्टॉसची धूळ बसून तुमची फुफ्फुसं कडक झालीत, एक्स-रेच्या फोटोत दिसतंय. आता ती धूळ जहाजावरची, हे परवा बोर्डाला पटायला हवं. नाही पटलं तर अपंगत्वाची पेन्शन विसरा.

अनंतराव : आमच्यात सिक रिपोर्ट करणाऱ्याले कामचोर म्हणत. नेव्ही सोडताना बी डॉक्टरनं विचारलं, तवा मी दंड ठोकून सांगतलं, फिट! नाही त बँकेत गार्डाची नोकरी कोण देत होतं?

कुमुद : दारात बंदूक घेऊन झोपाच त काढल्या. त्याले कायले फिट लागते?

स्नेहल : आई, तुम्ही थांबा हो. बाबा, बॉयलर रूममध्ये काय होतं ते सांगा. त्यांना हेच विचारायचंय.

अनंतराव : गरमी होती. अन् पाइपाइले ॲस्बेस्टॉसचं जाड पांढरं गोधडं गुंडाळलं राहे. वाफ लीक झाली की ते फाडायचं, पाइप सुधरवायचा, परत गुंडाळायचं. सारी खोली पांढरीफट. आम्ही भंडारा-गोंदियाचे पोट्टे, बर्फ कोणाच्या बापानं पाहिलं होतं? त्याचे गोळे करून एकमेकाइले हाणत होतो. धर्मपालच्या त कॉलरमधून आत कोंबला होता मी. काय नाचला!

स्नेहल : धर्मपाल कुठे असतात आता? त्यांची साक्ष मिळाली तर खूप बरं होईल.

अनंतराव : नाही मिळणार.

स्नेहल : का?

अनंतराव : गेला न तो. छातीनंच गेला. शेवटपर्यंत म्हणे, फिट आहो बे, काही होत नाही मले.

स्नेहल : मग हेच सांगा ना बाबा त्यांना.

कुमुद : बर्फाचं त मले विचार! विशाखापट्टणमच्या क्वार्टरात हा माणूस घरी आला की पिठाच्या गिरणीतून आल्यावाणी दिसे. बॉयलर सूट तसाच भिजवला की मोरी तुंबे. मंग मी आधी बाल्कनीत झटको. असा दणादणा! खालून कलावती बोंबले, माह्या पापडावर पडून राहिलं वं!

स्नेहल : तोंडाला काही बांधायचात का?

कुमुद : पदर होता न.

स्नेहल : तोंडावर?

कुमुद : कमरेले खोचलेला.

स्नेहल : आणि हे रोज?

कुमुद : हव! सूट काय दिवाळीले धुवायचा?

अनंतराव : अन् कापडाचं सांग न. स्टोअरवाल्याले पटवून मी तिले एक नंबर कापड आणून देलं होतं, स्नेहल. आगीत टाकलं त जळत नव्हतं.

कुमुद : हो, तेवढं एक चांगलं काम केलं यानं. साड्या नाही आणल्या कधी, पण ते आणलं. त्याची मी फडकी शिवली, आख्ख्या लाइनीतल्या बायाइले वाटली. कुकर उतरवा, तवा धरा, हात भाजत नाही. एक त अजून आहे. गॅसच्या मागं, खिळ्याले.

स्नेहल : ते पांढरं? जाडसर? आई, आज सकाळी मी त्यानंच पोह्यांची कढई उतरवली!

कुमुद : मंग? भाजला का हात?

स्नेहल : आता त्याला कोणी हात लावायचा नाही. मी ओलं करून पिशवीत बांधते. झटकायचं नाही, आई, ऐकताय ना?... आई? परत ठसका?

कुमुद : मिरचीचा आहे.

स्नेहल : दुपारपासून गॅस बंद आहे.

कुमुद : मंग धूळ असन. रायपुरात काय धुळीची कमी आहे? गच्चीवर कारखान्याची काळी पूड पडते, ते कोणाच्या जहाजातून येते?

स्नेहल : किती दिवसांपासून खोकताय?

कुमुद : मले काय माहीत? कोणी विचारलं त ध्यानात राहते.

अनंतराव : कुमुद, गोल बाजारातून येताना तू त्या भांड्याच्या दुकानापाशी थांबते न नेहमी?

कुमुद : थांबतो. मंग?

अनंतराव : मले वाटे, भांडी पाहून राहिली.

कुमुद : पह्यल्यांदा भांडीच पाहिली. मंग दम खात होती.

अनंतराव : अन् सांगतलं नाही?

कुमुद : तुम्ही बी त थांबत होते निवांत! पाणी भरायचा पितळेचा गुंड उचलून उचलून पाहे हा माणूस. घेतला का एकदा तरी?

अनंतराव : मी बी दमच खात होतो वं.

कुमुद : दुकानदार कटाळला आपल्याले.

स्नेहल : हसू नका हो. मला भीती वाटतेय. उद्या तुमच्या छातीचा फोटो काढायचा, आई. आधी तुमचा, मग बाकी सगळं.

कुमुद : अन् माह्यासाठी बोर्ड कोण बसवते? मी कुठी होती जहाजावर?

स्नेहल : बोर्ड नाही बसत. मी नियम सगळे वाचलेत. जहाजावरच्या माणसाचं आहे त्यात, त्याचे कपडे धुणारीचं काहीच नाही. पण बाबांच्या माजी सैनिकाच्या कार्डावर तुमचं औषधपाणी होईल. ते मी बघते.

अनंतराव : कपडे धुणारीचं काहीच नाही?

स्नेहल : नाही, बाबा.

अनंतराव : मीच आणलं घरी. कापड आणलं, सूट आणला. अन् वरून शान मारली. लय वाईट वाटून राहिलं मले, कुमुद.

कुमुद : आता रडू नका. रडले की तुमचा दम अजून चढते. घे वं स्नेहल, तालीम घे याची. अन् तुम्ही पाठ टेका... हां. बाप्पा, टेकली पाहा!

स्नेहल : नाव?

अनंतराव : अनंतराव ठवकर. स्टोकर. बॉयलर रूम.

स्नेहल : काही त्रास?

अनंतराव : आहे, सर.

कुमुद : जमलं बाई एकदाचं!

स्नेहल : काय त्रास होतो?

अनंतराव : बायको खोकते, सर.