वर गेलेला हात

रुक्माबाई : तो लॅपटॉप मिट आदर्शा, आणि असा जवळ सरक. काल शहापूरच्या देवळात काय झालं, ती कथा ऐक.

आदर्श : मंगलआक्काच्या कीर्तनाची ना, काकू? यायचं होतं, पण ऑफिस...

रुक्माबाई : आला न्हाईस, देवानंच तुझी लाज राखली.

आदर्श : का? तिच्या वडिलांच्या, भावकूकाकांच्या कीर्तनाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून मी ऑनलाइन कोर्स केला, म्हणून तर तिला साथीला पोरं मिळाली.

रुक्माबाई : तीच पोरं! तुझ्या व्हिडिओतनं टाळ शिकलेली! माझी लेक पहिल्यांदा नारदाच्या गादीवर उभी. अभंग झाला. निरूपणाला लागली आणि बापासारखा हात वर केला.

आदर्श : मग?

रुक्माबाई : मग काय! टाळ दुप्पट, मृदंग तिप्पट. ही हात आणखी वर करतीया, ती आणखी बडवत्यात. देवळात वरात शिरली जणू. पोरीच्या डोळ्यांतनं धार.

आदर्श : पण हात वर म्हणजे वाजवणं थांबवा...

रुक्माबाई : ठाऊक हाय म्हण की तुला! मग तुझ्या व्हिडिओत ह्यांचा हात वर गेला की ढोल का धडधडतोय?

आदर्श : तिथं नुसती शांतता होती, काकू. लोक बोटानं पुढं ढकलतात. म्हणून ती कापली, म्युझिक भरलं. खाली अक्षरं पळवली, कोपऱ्यात पोपट नाचवला. मल्टिमीडिया म्हणतात याला.

रुक्माबाई : तमाशा म्हण. न्हाय, तमाशातबी बाई बोलाय लागली की ढोलकीवाला दम धरतो! वाच, ऐक आणि पोपट बघ, सगळं एकदम? एकाच घासात पोळी, आमटी नि विडा!

आदर्श : लोकांना आवडतं ते.

रुक्माबाई : जत्रंतला पाळणाबी आवडतो. त्यात बसून कुणाला अभंग पाठ झालाय?

आदर्श : ...आक्का काय म्हणते?

रुक्माबाई : बापाचे टाळ फडक्यात बांधून ठेवलेत. एकादशीला संकेश्वरास्नं बोलावणं आलंय, तर म्हणती, न्हाय म्हणून कळव. पुन्हा उभी ऱ्हाणार न्हाय.

आदर्श : थांबा. मूळ रेकॉर्डिंग आहे माझ्याकडं. ढोल नाही, अक्षरं नाहीत, पोपट नाही. लावू?

रुक्माबाई : लाव.

(रेकॉर्डिंग सुरू होते.)

आदर्श : हा बघा, काकांचा हात वर गेला... आवाज गेला का काय?

रुक्माबाई : गप. आता सगळं देऊळ आपापल्या मनात शिरलंय.

आदर्श : कुणीतरी खोकलं.

रुक्माबाई : भरमाण्णा, ह्यांचा टाळकरी. रडू आवरायचं असलं की खोकायचा तो.

आदर्श : केवढा वेळ थांबलेत काका!

रुक्माबाई : हे मंगलला दाखव. त्या पोरांस्नीबी. आणि पुन्हा कुठं कात्री लावायची झाली, तर आधी तुझ्या काकांचा ह्यो वर गेलेला हात आठव रं.